गाढवांच्या कुरणातल्या सासूबाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या दाढा ज्यांच्या हातून गेल्या आहेत ते आपले दंतवैद्य काका. व्यासपीठावर बसलेले माझे मार्गदर्शक प्राध्यापक, ज्यांना माझ्या भाषणातलं एक अक्षरही कळणार नाही आणि तरीही जे वेळेच्या आधी येऊन बसले आहेत. त्यांच्या कानाशी लागून भाषांतर करायचं कठीण काम ज्यांनी हसत घेतलं त्या आपल्या मराठी मंडळाच्या चिटणीसबाई. पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या माझ्या सासूबाई. आणि परक्या देशात आम्हाला घरचं माणूस मानणाऱ्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो, सर्वांना नमस्कार.

चिटणीसबाई, सरांना सोयीचं तेवढंच सांगा. मी थांबून तुमच्याकडे पाहिलं की त्यांना हसायला सांगा, म्हणजे काम भागेल.

आम्हा दोघी सासू-सुनांच्या निरोपासाठी आपण इतक्या अगत्यानं जमलात. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना ‘प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक’ असा भारदस्त शब्द वापरला. मंडळी, अध्यक्षांनी सभ्यपणे झाकलं, पण खरं सांगायला हरकत नाही. मी गाढवांचा अभ्यास केला. गाढवांवर डॉक्टरेट केली. हसा, हसा, मला सवय आहे. मला इथला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या आत्यानं फोनवर विचारलं, “गाढवं बघायला इतक्या लांब? आपल्याकडे काय कमी होती?” माझे वडील म्हणाले, “जाऊ दे तिला. घरातल्या गाढवाचा अभ्यास झालाय तिचा पुरता.” त्यांचा रोख माझ्या भावाकडे होता. तो समोरच बसला होता, जेवत.

आपल्या भाषेनं या बिचाऱ्या जनावरावर फार अन्याय केला आहे. अडला हरी त्याचे पाय धरतो, पण नड भागली की त्याला ओळखतो का? गुळाची चव त्याला नाही असं आपणच ठरवलं, त्याला विचारलं कोणी? मी सांगते, गाढव हे फार विचारी जनावर आहे. घोडा घाबरला की पळतो. गाढव घाबरलं की थांबतं आणि परिस्थितीचा अंदाज घेतं. त्याला आपण हट्टी म्हणतो. शिवाय गाढवं जोडी करून राहतात. दोन गाढवं एकदा एकमेकांची झाली की चरताना, पाणी पिताना, उभं राहून डुलकी काढताना सतत जवळ जवळ. माझा प्रश्न एवढाच होता: अशा जोडीतलं एक थोडा वेळ बाजूला नेलं आणि परत आणलं, तर भेट झाल्यावर ती दोघं काय करतात?

मला मनापासून वाटत होतं की ती धावत येऊन भेटतात. का वाटत होतं, हे ज्यांची माणसं लांब असतात त्यांना सांगायला नको. माझा नवरा जहाजावर इंजिनीअर. लग्न झाल्यापासून त्याला भेटण्यापेक्षा पोहोचवायलाच मी जास्त वेळा गेले आहे.

त्यामुळेच सासूबाई माझ्याबरोबर इकडे आल्या. मुलगा समुद्रावर, सून परदेशी, आणि त्या घरी एकट्या भिंतींशी बोलणार का? त्या म्हणाल्या, “मी येते. मला तिथे काही करायचं नाही, पण कोणीतरी घरात असलेलं बरं.” काही करायचं नाही म्हणणाऱ्या बाईला पुढे काम मिळालं, ते कसं ते आता सांगते.

आमच्या अभ्यासात एक शिस्त आहे. मी विद्यापीठाच्या कुरणात काढलेले गाढवांचे व्हिडिओ बघायचे आणि कोणती हालचाल कधी झाली त्याची बटणं दाबायची: कान मागे, मान खाली, जवळ आलं, लांब गेलं, अंगाला अंग लावलं. पण एकटीच्या डोळ्यांवर विद्यापीठाचा विश्वास नसतो. तेच व्हिडिओ दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे बघायचे, आणि दोघांच्या नोंदी पुरेशा जुळायला हव्यात. न जुळल्या तर सगळं काम कचऱ्यात. आणि त्या दुसऱ्या माणसाला मी काय शोधतेय हे अजिबात माहीत असता कामा नये, नाहीतर त्यालाही तेच दिसायला लागतं.

माझा आधीचा दुसरा निरीक्षक, माझ्याच वर्गातला एक मुलगा, गाढवांना कंटाळून मधमाश्यांकडे गेला. मी रडकुंडीला आलेली. सरांनी विचारलं, “तुझ्या घरी कोणी आहे का, ज्याची नजर चांगली आहे?” आता सासूबाईंची नजर चांगली आहे की नाही, हे सांगायला सुनेपेक्षा लायक साक्षीदार कुठे मिळणार? मी म्हटलं, “सर, आहे.”

सासूबाईंनी तीस वर्षं वधूवर सूचक केंद्र चालवलं. दारातून आत येणाऱ्या मुलाच्या चपला काढण्यावरून त्या सांगायच्या, हा संसार करील की नाही. एका आठवड्यात त्या पडद्यासमोर पाय दुमडून बसल्या. त्यानंतर कितीतरी महिने मी जगातली एकमेव सून होते, जिला सासूपासून गुपित ठेवायची विद्यापीठाची परवानगी होती. परवानगी कसली, सक्तीच होती! घरी जेवताना त्या विचारायच्या, “पण तुला शोधायचंय काय?” मी म्हणायची, “अहो आई, ते सांगता येत नाही.” त्या म्हणायच्या, “बरं, नको सांगूस. भात घे.” त्या ‘बरं’मध्ये काय काय होतं, ते इथल्या सुनांना कळेल.

शिकवणी मात्र सोपी नव्हती. नियम असा की जे दिसतं तेवढंच टिपायचं, मनातलं काही नाही. गाढवांनाही नावं नाहीत, नुसते रंगीत पट्टे. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी लाल पट्ट्याला थोरल्या जाऊबाई आणि निळ्या पट्ट्याला धाकट्या जाऊबाई करून टाकलं. मी म्हटलं, “अहो आई, ही काय करतेय सांगा.”

“रुसलीये.”

“रुसली असं बटण नाहीये. कान मागे, मान खाली, एवढंच.”

“अगं, पण ती रुसलीये!”

“ते आपल्याला दिसत नाही.”

“तुला दिसत नाही. मला दिसतंय. माझा मुलगा बोटीवर जातो तेव्हा तू दारात अशीच उभी असतेस. कान तेवढे मागे नसतात.”

चिटणीसबाई, हे सांगा सरांना. हां, हसले.

पण त्या शिकल्या. रुसवे-फुगवे बाजूला ठेवून नुसते कान आणि माना बघायला लागल्या. तरी आमच्या नोंदी काही जुळेनात. मला जिथे भेट दिसायची तिथे त्यांना नुसतं गवत खाणं दिसायचं. मी चिडायची, नियम विसरून बोलून जायची. “अहो आई, बघा ना नीट, ती तिच्याकडेच चाललीये!” “गवताकडे चाललीये.” “तिच्याकडे!” “बरं बाई.” पुढे जेवणाच्या टेबलावर दोघी रुसलेल्या. दोन खोल्यांचं घर, त्यात एक कपडे वाळत घालायचा स्टँड, खिडकीबाहेर पार्किंग. रुसून जायचं तरी कुठे? एक बाथरूममध्ये जायची, दुसरी गॅलरीत.

मग एक दिवस सगळं आपोआप सुरळीत झालं. सासूबाईच म्हणाल्या, “दोनदा दोनदा व्हिडिओ कशाला लावतेस? एकदाच लाव, दोघी बसून बघू.” मध्ये त्याच स्टँडवर चादर टाकली, म्हणजे एकमेकींचे हात दिसणार नाहीत. इकडे मी, तिकडे त्या, समोर एकच पडदा. आणि काय सांगू, आमच्या नोंदी जुळायला लागल्या! आधी बऱ्या, मग चांगल्या, मग अशा की मला वाटलं, ही बाई माझ्या जन्माआधीपासून गाढवंच बघतेय. घरातही हसणं-बोलणं सुरू झालं. मी फुलासारखी हलकी होऊन सगळे आकडे सरांकडे घेऊन गेले. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. तेवढ्या मुदतीत प्रबंध दिला नाही, तर पदवीशिवाय घरी जायचं होतं. आता सगळं पार पडणार होतं.

सरांनी आकडे बघितले, पण ते हसले नाहीत. त्यांची एक सवय आहे, काही बिनसलं की ते चष्मा काढून टाय पुसतात. चष्मा नव्हे, टाय. ते म्हणाले, “एवढं कोणाचंच जुळत नाही. माझं आणि माझ्या सख्ख्या भावाचंही नाही.” मग त्यांनी बटणांच्या वेळा पडद्यावर उघडल्या. माझं बटण, की लगेच, एका श्वासानंतर सासूबाईंचं. माझं, त्यांचं. माझं, त्यांचं. पानभर हेच. माझं बटण टक वाजायचं, चादरीपलीकडे त्यांना ऐकू जायचं, आणि त्या दाबायच्या.

सर म्हणाले, “त्यांना बोलाव.”

आता मला सांगा, सुनेवर कधी अशी वेळ आली असेल का? सासूवर विद्यापीठानं ठेवलेला ठपका सुनेनं शब्दशः भाषांतर करून सासूला ऐकवायचा! मी घसा खाकरला. “अहो आई, सर विचारतायत, तुम्ही माझं ऐकून बटण दाबत होता का?”

त्या जराही गडबडल्या नाहीत. “हो,” म्हणाल्या. “मग? त्यात काय झालं? तूच म्हणालीस ना, जुळलं नाही तर तुझं काम कचऱ्यात जाईल. म्हणून जुळवलं. जुळवणं हाच माझा धंदा. सांग त्यांना.”

मी सांगितलं. सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग माझ्याकडे न बघता थेट त्यांच्याकडे बघून म्हणाले, “मला तुमचा होकार नको आहे. तुम्हाला काय दिसलं, ते हवं आहे. होकार देणारी माणसं माझ्या विभागात खूप आहेत.”

मी भाषांतर केलं आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं त्या रागावल्या. परत येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. घराजवळच्या थांब्यावर उतरल्यावर म्हणाल्या, “एकोणिसाव्या वर्षी आपल्या घरात आले मी. माझ्या सासूबाई म्हणायच्या पूर्व, मी म्हणायची पूर्व. तुझे सासरे म्हणायचे पश्चिम, मी म्हणायची पश्चिम. दोघं एकदम बोलले तर मी स्वयंपाकघरात जायची. सगळे म्हणायचे, गुणाची सून. पण तुला काय दिसतंय, असं आजवर कोणी विचारलं नव्हतं गं. आज विचारलं, तर तेही मी खोटेपणा केल्यावर.”

मंडळी, मी त्यांचा हात धरला आणि रस्त्यातच रडले. त्या म्हणाल्या, “डोळे पूस, लोक बघतायत.” आणि मग, “नाहीतर रड. बघू देत.”

दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यापासून सुरू झालं. मी विभागात, त्या घरी एकट्या, कानात हेडफोन घालून. चादर पुन्हा पलंगावर गेली. मुदत जवळ येत होती आणि त्यांच्या नोंदी उघडायला मी घाबरत होते. कारण यावेळी त्या खरं बोलणार होत्या, आणि खरं काय निघेल ते मला माहीत नव्हतं.

निघालं ते असं. आमच्या नोंदी जुळल्या, पुरेशा, पण जिथे जुळल्या नाहीत तिथे एकच गोष्ट होती. भेटीच्या पहिल्या काही क्षणांत मला धावत जाऊन भेटणं दिसायचं, त्यांना नाही. मी पुन्हा सगळे व्हिडिओ पाहिले, यावेळी माझं तोंड बंद ठेवून. आणि मंडळी, माझ्या मनात जे होतं तेच मी पडद्यावर बघत होते. गाढवं धावत येत नाहीत. परत आलेलं गाढव आधी जरा लांब थांबतं, गवत चघळतं, जणू काही झालंच नाही. दुसरंही मान वर करत नाही. मग हळूहळू, चरता चरता, ती जवळ येतात, आणि शेवटी एकाची मान दुसऱ्याच्या पाठीवर. म्हणजे मी मोठ्या हौसेनं मांडलेला अंदाज चुकला. पण जे खरं निघालं, ते माझ्या अंदाजापेक्षा मला जास्त आवडलं. मध्यंतरी आमचे जहाजवाले चार दिवस सुटीवर इथे आले, तेव्हा मी त्यांच्या बॅगेजवळ उभी राहून आधी विमानाच्या उशिराबद्दलच बोलत बसले होते. सासूबाई कोपऱ्यातून बघून हसत होत्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. माणूस असा, की ते आल्यावर सरसुद्धा सरळ बसले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “दुसरा निरीक्षक कोण होता?” मी म्हटलं, “माझी सासू.” त्यांनी प्रबंधाचं पान उलटलं. “आणि त्यांचे तुमच्याशी मतभेद झाले?” “झाले, सर. कुठे कुठे झाले ते सगळं प्रबंधात दिलं आहे.” ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “मीही कोणाचा तरी जावई आहे. सासूनं तोंडावर सांगितलेलं मत मी ग्राह्य धरतो.” मी पास झाले. बाहेर आले तर सासूबाई बाकावर बसल्या होत्या, हातात पर्स घट्ट धरून. मी काही बोलायच्या आतच त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पर्स हवेत उडवली. त्यातली सगळी गोळ्या-बिस्किटं विद्यापीठाच्या जिन्यावर सांडली. सर, मी आणि ते परीक्षक गुडघ्यावर बसून गोळा करत होतो.

आता शेवटचं, आणि हे अध्यक्षांनाही माहीत नाही.

पदवी मिळाल्यावर सरांनी मला विभागात नोकरी देऊ केली. माझी जनावरं, माझं कुरण, माझे दोन विद्यार्थी. मी नाही म्हटलं. सासूबाई रोज घरची आठवण काढत होत्या, तिथलं बंद पडलेलं केंद्र पुन्हा सुरू करायचं म्हणत होत्या. त्यांना घरी जायचं, म्हणजे मलाही जायचंच, असा मी हिशेब केला. कोणालाही न विचारता. तिकिटं काढली, आणि आपण प्रेमानं आम्हा दोघींसाठी हा निरोप ठेवला.

गेल्या आठवड्यात सामान भरताना त्या म्हणाल्या, “काल गाढवांचा निरोप घ्यायला कुरणात गेले, तिथे सर भेटले. आपल्या फोनमध्ये काहीतरी बोलले आणि त्यांचा फोन माझ्याशी मराठीत बोलला. तुला नोकरी देत होते म्हणे?”

“हो. पण तुम्हाला जायचंय ना, म्हणून मी नाही म्हटलं.”

“मला जायचंय. तुला जायचंय का?”

मी साड्यांच्या घड्या घालत राहिले.

“हातातलं ठेव. तुला जायचंय का, ते सांग.”

“नाही.”

“मग झालं की. मी जाते, तू राहा.”

“अहो आई, पण लोक काय म्हणतील?”

“लोकांची लग्नं मी जमवली आहेत. लोक काय म्हणतात ते मला सांगू नकोस.”

“आणि तुम्ही एकट्या राहणार?”

“राहीन. चिडेन, आठवण येईल, फोन करून तुला बोलेन. पण गुणाची सून करून घरी नेणार नाही तुला. या घराण्यात तसली एक झाली, तेवढी पुरे.”

तेव्हा अध्यक्ष महोदय, मोठ्या संकोचानं सांगते, आपण दिलेला निरोप मी अर्धाच स्वीकारते. जाणाऱ्या त्या. मी इथेच आहे, पुढच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायला मला धरा. नवऱ्याचं म्हणाल तर त्याचं जहाज कुठल्याही बंदराला लागतं. त्याला आता दोन घरं झाली, आणि दोन्हीकडे त्याला बोलणारी एकेक बाई आहे.

चिटणीसबाई, सरांना सांगा, मी हो म्हटलं. ...सर उभे राहिले आहेत. सर, बसा, बसा, अजून आभार व्हायचे आहेत.

मंडळाचे, अध्यक्षांचे, कुरणात उभं राहायला आम्हाला आपले गमबूट देणाऱ्या शेजारीणबाईंचे, आणि आज इथे आलेल्या प्रत्येकाचे मी अंतःकरणापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर एरवी मी म्हटलं असतं की पदरात घ्या. पण आज घेऊ नका. मी बोलत असताना सासूबाईंनी निदान चारदा मान हलवली आहे, आणि ती होकाराची नव्हती. म्हणजे त्यांना हे सगळं वेगळं दिसलंय.

अहो आई, या वर. हा माइक घ्या. मी तिकडे खाली बसते.